पुढून देखणा, मागून आंधळा: आठ महिने चालवलेल्या बोगदा-रोबोटबद्दल

रोबोट दाखवायला आलेल्या दोघांनी पहिल्या पाच मिनिटांत त्याला जिना चढवून दाखवला. मग उतरवून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बोगद्यात जिना कुठून येणार, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. आठ महिने वापरल्यावर आता वाटतं, त्या दिवशी त्याला उलटा वळवून आधी त्याची पाठ बघायला हवी होती.

मी नऊ वर्षं बंदिस्त जागांतले रोबोट चालवते. पाणी काढून रिकामे केलेले बोगदे, पावसाळी पाण्याचे मोठे पाइप, विजेच्या केबल नेणारी भुयारं. अशा ठिकाणी माणूस उतरवायचा तर आधी हवा तपासा, कमरेला दोर बांधा, तोंडाशी दुसरा माणूस उभा करा. इतकं करूनही वरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. म्हणून आधी यंत्र जातं. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. मी आजवर चालवलेल्यांत ज्या खोडी पाहिल्या, त्यातल्या निम्म्या याच्यातही आहेत, तेव्हा एकट्यालाच बदनाम कशाला करायचं.

यंत्र असं: वजन ४६ किलो, दोन बाजूंना दोन रबरी पट्टे, पुढे चहूकडे फिरणारा कॅमेरा, डोक्यावर लायडार (लेसरचा झोत फिरवून भोवतालची अंतरं मोजणारं उपकरण), शेपटीला २०० मीटर केबल आणि बाहेर रीळ. वीज, चित्र, हुकूम सगळं त्या केबलमधूनच. कमरेला दोर बांधून पुढे सोडायचं प्रकरण, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव घोरपड पडलं. इथून पुढे मीही घोरपडच म्हणते.

पुढच्या बाजूला बोट ठेवायला जागा नाही. कॅमेरा उत्तम. काँक्रीटच्या अस्तरातली केसाएवढी भेग दिसते आणि तिच्यातून पाझर चालू आहे की नुसता जुना पांढरा ओघळ आहे, हेही कळतं. मला त्याहून आवडले ते दिवे. बहुतेक यंत्रांत दिवे कॅमेऱ्याला चिकटून असतात, आणि बोगद्यात पट्ट्यांनी धूळ उडाली की धुळीचा कण न् कण उजेड थेट भिंगात परत फेकतो. दाट धुक्यात गाडीचा अप्पर मारल्यावर जे होतं तेच. इथे दिवे दोन आडव्या हातांवर आहेत, बाहेर सरकवता येतात. उजेड कडेनं पडला की धूळ कमी चमकते, शिवाय समोरच्या दगडाची सावली पडते. ही सावली फार कामाची. पडद्यावर सगळं सपाट असतं, पुढचा काळा गोळा म्हणजे चार बोटं उंचीचा दगड आहे की तेवढाच खोल खड्डा, ते सावलीवरूनच ओळखायचं.

चित्र किती उशिरा येतं हे मी स्वतः मोजलं. माहितीपत्रकात ‘तत्काळ’ असा शब्द आहे. कॅमेऱ्यासमोर मोबाइलचं स्टॉपवॉच धरलं, शेजारी कन्सोलचा पडदा, आणि दुसऱ्या मोबाइलनं दोन्हींचा एक फोटो काढला. फरक ०.२८ सेकंद. सेकंदाला अर्धा मीटर वेगानं जाताना तेवढ्यात घोरपड १४ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. मोकळ्यात काही बिघडत नाही. ६० सेंटीमीटरच्या पाइपात बिघडतं. म्हणून नव्या मुलांना मी सांगते, थोडं जा, थांब, चित्र येऊ दे, मग पुढचं ठरव. कन्सोलवरची चालवायची दांडी सतत ढकलून ठेवणाऱ्याच्या हातात मी केबलवालं यंत्र देत नाही.

गोल पाइपात आणखी एक गंमत असते. एक पट्टा जरा जास्त फिरला की यंत्र भिंतीवर चढायला लागतं, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण कॅमेऱ्यासोबत पडद्यातलं जगही तिरकं होतं. घोरपडीत कलमापक आहे, २५ अंशांवर शिट्टी वाजते. ही शिट्टी ज्यानं बसवली त्यानं कधीतरी पाइपात यंत्र उताणं पाडलेलं असणार.

लायडारची जाहिरात मात्र निम्मी खरी धरा. ‘बोगद्याचा नकाशा आपोआप तयार’ म्हणतात. जिथे मॅनहोल आहेत, भिंतीला कंस ठोकलेत, सांधे उघडे पडलेत, तिथे नकाशा सुरेख येतो. पण गुळगुळीत गोल अस्तराचा सरळ तुकडा आला की लायडार गोंधळतो. पाच मीटर पुढे गेलं काय नि जागेवर उभं राहिलं काय, त्याला चारी बाजूंनी तीच भिंत त्याच अंतरावर दिसते. आमच्या एका कामात रिळावरून १८४ मीटर केबल आत गेली होती आणि नकाशा म्हणाला १६७. सतरा मीटर बोगदा नकाशानं गिळला. भेग कुठे आहे हे सांगण्यासाठी आपल्याला पैसे मिळतात, त्यामुळे अहवालात मी अजूनही केबलचाच आकडा लिहिते, आणि तोही केबल ताठ करून घेतलेला.

वायरलेस हा जादा भाग आम्ही हौसेनं घेतला आणि आता तो कपाटात आहे. सरळ बोगद्यात ८० मीटरपर्यंत चित्र झकास. वळण घेतलं आणि सहा मीटरांत पडदा काळा. यात यंत्राचा दोष नाही. बोगदा रेडिओलहरींसाठी नळीसारखा वागतो. सरळ असेल तर लहर आत लांबवर जाते, वळणावर भिंती ती खाऊन टाकतात. लहर नळीच्या मानानं फार लांब असेल तर ती शिरतच नाही. १५० मेगाहर्ट्झच्या वॉकीटॉकीची लहर दोन मीटर लांबीची असते, ६० सेंटीमीटरच्या पाइपात तिचं काय काम? उघड्या रानात मैलभर बोलणारा सेट पाइपात मुका होतो तो म्हणून. अमेरिकेच्या डार्पानं, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनं, २०१८ ते २०२१ मध्ये भुयारी रोबोटांची मोठी स्पर्धा घेतली, त्यात अनेक संघांचे रोबोट जाताना वाटेत रेडिओचे ठोकळे टाकत जात होते, एकानं दुसऱ्याला निरोप द्यायचा अशा बेतानं. आमच्या पेटीत तसा एकही ठोकळा नाही. मग वायरलेस म्हणून विकायचं कशाला?

वायूच्या सेन्सरबद्दल एक सूचना, कारण इथे चूक महागात पडते. मिथेन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन असे चार सेन्सर आहेत, आकडे भरवशाचे वाटतात. पण ते बसवलेत जमिनीपासून वीतभर उंचीवर. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो, तो पकडला जाईल. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो छताला जाऊन बसतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे ठिणगीची वाट बघणारी हवा, आणि आपण खाली वीतभरावर शून्य वाचून खूश. आम्ही सेन्सरची नळी एका काठीला बांधून वर घेतली. काठी आमची, चिकटपट्टी आमची. एवढ्या पैशांच्या यंत्राला हे शोभत नाही. शिवाय हे यंत्र स्फोटक वायूसाठी प्रमाणित नाही, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. मिथेनचा संशय असेल तिथे ते न्यायचंच नाही. सेन्सर आहे म्हणून नेता येतं असं समजणारे लोक मी पाहिलेत.

पाण्याला घोरपड पक्की आहे. गुडघाभर पाण्यात वीस मिनिटं ठेवली, आत थेंब नाही. पाण्याचं मी जास्त बघते याला कारण आहे. २०१० साली न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत स्फोटानंतर लष्करानं आत पाठवलेला रोबोट साधारण ५५० मीटरवर पाणी शिरून बंद पडला होता. बाहेर माणसांचे नातेवाईक उभे असताना यंत्र पाण्यानं मरावं, हे आमच्या धंद्यातल्या कुणाच्याही डोक्यातून जात नाही. फक्त केबलच्या जोडाचं रबरी टोपण लावायला विसरू नका, ते साखळीनं अडकवलेलं नाही आणि चिखलात पडलं की गेलं.

आता पाठ.

मागचा कॅमेरा एकच, पक्का बसवलेला, आणि तो लांब बघतो. केबल जिथून निघते ती जागा त्याला दिसतच नाही. शिवाय पट्टे चिखल मागेच फेकतात, त्यामुळे पाचव्या मिनिटाला त्याच्या भिंगावर लेप. पुसणी नाही, पाण्याचा फवारा नाही. वळायला जागा नसलेल्या पाइपातून परत यायचं ते उलटंच यावं लागतं, म्हणजे निम्मा प्रवास या आंधळ्या डोळ्याच्या भरवशावर.

केबल कशी वागते हे न कळलेल्याला बोगद्यातलं काहीच कळलेलं नसतं, असं आमचे रिळावरचे काका म्हणतात. रीळ त्यांच्या हातात. मी चालवते ते त्यांच्या बोटांच्या भरवशावर. आत जाताना ढील किती द्यायची, परतताना कधी ओढून घ्यायची, हे ते केबलवर दोन बोटं ठेवून सांगतात. कन्सोलवर दोन आकडे असतात: पट्टे किती फिरले त्यावरून यंत्र कुठे असेल तो एक, आणि रिळावरून किती केबल बाहेर आहे तो दुसरा. परतताना या दोन आकड्यांतला फरक म्हणजे आत कुठेतरी पडलेली सैल केबल. निदान तसं समजून चालायचं असतं.

चौथ्या महिन्यात मी तसं समजले नाही. दोन काटकोनी वळणांचा पाइप, तळाला बोटभर गाळ, १३१ मीटरवर काम संपवून मागे येत होते. यंत्राचा आकडा ११९, रिळाचा १२५. सहा मीटरांचा फरक. मी मनाशी म्हटलं, गाळात पट्टे जागच्या जागी फिरलेत, यंत्र अजून १२५ लाच असेल. काका म्हणाले, “ताई, केबल हलकी लागतीय.” मी म्हटलं, असू दे, वळणापर्यंत येऊ. अर्ध्या मिनिटात चित्र फाटलं, आडव्या रेघा आल्या, आणि डाव्या मोटरचा करंट दुप्पट झाला.

अशा वेळी हात आपोआप दांडी आणखी मागे ओढतो. अडकलंय ना, मग जोर लाव. काका रिळावरून ओरडले, “हात काढा! दांडीवरचा हात काढा आधी!” काढला. केबलचा फास डाव्या पट्ट्याखाली गेला होता आणि दात्यांच्या चाकावर चढत होता. आणखी एक फेरा झाला असता तर केबल तुटली असती. मग काकांच्या सांगण्यावरून उलट केलं: अर्धा मीटर पुढे, अगदी मुंगीच्या पावलानं. थांबले. आणखी थोडं पुढे. करंट उतरला. काकांनी तेवढ्यात हातानं, मोटर न लावता, सैल केबल वीतवीत ओढून घेतली. चित्र परत आलं तेव्हा त्यात अजून एक रेघ होती, ती आजही आहे. ते शेवटचे १२० मीटर यायला आम्हाला तीन तास लागले.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले आणि जो हिशोब यंत्र घेण्याआधी करायचा तो तेव्हा केला. केबल कोपऱ्याला घासून वळली की ताण बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. खांबाला दोर दोन वेढे गुंडाळला की एक माणूस होडी धरून ठेवतो, तीच गोष्ट इथे आपल्या विरुद्ध काम करते. घर्षणांक ०.४ धरला तर एका काटकोनी वळणानं ताण १.९ पट होतो, दोन वळणांनी ३.५ पट, तीन वळणांनी ६.६ पट. आता समजा घोरपड दोन वळणांपलीकडे मेली. तिच्यात वर्म गिअर आहे. मोटर पट्ट्याला फिरवते, पण पट्टा मोटरला फिरवू शकत नाही. चढावर वीज गेली तर यंत्र जागेवर थांबतं हा त्याचा फायदा, तो डेमोत अभिमानानं सांगितला गेला. पण मेलेल्या यंत्राचे पट्टे जाम असतात. ४६ किलोचा जाम धोंडा काँक्रीटवरून घसटत ओढायला, रबराचा घर्षणांक ०.६ धरला तरी, २८ किलोची ओढ लागते. गुणिले ३.५. जवळपास शंभर किलो, आणि केबल स्वतः घासते ते वेगळंच. माहितीपुस्तिकेप्रमाणे या केबलला ८० किलोच्या वर ताण द्यायचा नाही.

म्हणजे दोन वळणांपलीकडे बंद पडलेली घोरपड तिच्याच केबलनं बाहेर निघत नाही. केबलची लांबी २०० मीटर, हे ठळक अक्षरात छापलंय. वळणांचा आकडा कुठेच छापलेला नाही. आमच्या जुन्या, याच्या निम्म्या गुणांच्या यंत्रात वीज गेली की क्लच आपोआप सुटायचा आणि पट्टे मोकळे फिरायचे. ते यंत्र आतमध्ये दोनदा मेलं, दोन्ही वेळा आम्ही चौघांनी हातानं ओढून आणलं. तेव्हा त्या क्लचचं कुणाला कौतुक वाटलं नव्हतं.

केबलनं दगा दिल्याचं आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे फुकुशिमा, जपानमधलं अपघातानंतर किरणोत्सर्गानं भरलेलं अणुवीज केंद्र. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये क्विन्स नावाचा जपानी रोबोट दुसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत मोजमापं घेऊन परतत होता. मोजमापं मिळाली होती. परतीला केबल गेली आणि तो तिसऱ्या मजल्यावरच राहिला. तिथे जाऊन कोण काढणार?

दुरुस्तीचा अनुभव लिहायलाच हवा. खरचटलेल्या केबलचा शेवटचा पाच मीटरचा तुकडा कापून जोड नव्यानं बसवायचा, एवढंच काम होतं. अकरा आठवडे लागले. त्यातले सात आठवडे फक्त ‘जोडाचा सुटा भाग मिळत नाही’ हे ऐकण्यात गेले. फोनवरची मुलगी दर वेळी गोड बोलायची, त्यामुळे रागावताही येत नसे. परत आलेल्या केबलची लांबी १९५ मीटर झाली होती, पण रिळाच्या आकड्यात ती दुरुस्ती कुणी केली नव्हती. पहिल्या कामात सगळे आकडे पाच मीटरनं चुकले आणि काकांनी पकडलं. त्यांनी आता केबलवर दर पाच मीटरला रंगीत टेप गुंडाळली आहे, दर पंचविसाला लाल. रिळाचा आकडा ते बघतही नाहीत.

पाठीचा इलाज आम्ही आमच्यापुरता केला. केबलच्या तोंडाशी खाली बघणारा छोटा कॅमेरा लावला, त्याच्यावर टोपीसारखा रबराचा तुकडा. आणि नियम: परतताना दोन आकड्यांत दोन मीटरांहून जास्त फरक पडला की थांबायचं, कारण काहीही असो. दोन वळणांच्या पुढे घोरपड मी नेत नाही. गेल्या महिन्यात तीन वळणांचं काम आलं, त्याला जुनं यंत्र नेलं. चित्र भिकार आलं, पण यंत्र घरी आलं.

तुमचं काम सरळ बोगद्यांचं असेल, किंवा फार तर एका वळणाचं, तर बिनधास्त घ्या. कॅमेरा, दिवे, कलमापक, पाण्याचा बंदोबस्त, यांत याच्या तोडीचं मी दुसरं चालवलेलं नाही. वायरलेसवर पैसे घालू नका, त्यात दुसरी केबल घ्या. वळणावळणांचं जाळं असेल तर घेण्याआधी एक करा. डेमोवाले जिना शोधायला लागले की त्यांना थांबवा. दोन काटकोनी कोपरे असलेल्या वाटेनं यंत्र पलीकडे न्यायला सांगा, मग रिळाजवळचं बटण स्वतः दाबून वीज बंद करा, आणि म्हणा, आता काढा बाहेर.